‘मग ती उठून का गेली नाही?’ : डेटिंगवरच्या कथेतली सत्ता

कच्चा_खर्डा विचारतात:

कथा साधारण 4,200 शब्दांची आहे, सात प्रसंग. ती 22 वर्षांची, तो 35 चा. ॲपवर ओळख, तीन आठवडे चॅट, मग एक भेट, त्याच रात्री त्याच्या घरी जाणं, नंतर तिचं हळूहळू मागे सरणं आणि शेवटी त्याचे मेसेज. बळजबरी कुठेच नाही. तिला नको असतं आणि ती तसं म्हणत नाही. सगळी कथा याच जागेसाठी लिहिली आहे.

नेमकी तीच जागा उभी राहत नाहीये. खर्डा वाचणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘मग ती उठून का गेली नाही?’ उत्तरादाखल तिच्या वाढीबद्दल, सगळ्यांना सांभाळून घ्यायच्या सवयीबद्दल एक परिच्छेद घातला, तर तो भाषणासारखा वाटतो. दुसरी अडचण म्हणजे तो पहिल्या पानापासून खलनायक दिसतो. चॅटचे भाग मेलेले आहेत. आणि शेवट त्याच्या शिवीवर करावा की नाही, हे ठरत नाही.

समासातली_नोंद:

तो परिच्छेद आधी काढा. उठून न जाण्याचं कारण नायिकेच्या स्वभावात शोधलं की कथा तिच्यावरचा अहवाल होते. कारण परिस्थितीत पेरायचं असतं. प्रत्येक प्रसंगाच्या समासात तीन गोष्टी लिहून काढा: या क्षणी निघून जाणं कोणाला सोपं आहे, निघण्याची किंमत काय, आणि समोरच्याबद्दल जास्त माहिती कोणाकडे आहे. सातही प्रसंगांत तिन्ही उत्तरं सारखीच आली, तर सत्ता कथेत हललेलीच नाही आणि वाचक तिसऱ्या प्रसंगात कंटाळणार.

किमती वेगवेगळ्या जातीच्या असतात. काही बाहेरच्या: रात्रीचे साडेअकरा, गाडी त्याची, फोनला आठ टक्के चार्जिंग. काही लोकांमधल्या: दोघांची एक मैत्रीण सामाईक, गोष्ट तिच्यापर्यंत जाणार. पण सगळ्यात जड किंमत आतली असते. ‘तुझ्याकडे जाऊया’ हे तिनेच सुचवलेलं असतं. तासाभरापूर्वी ती त्याला काहीतरी लागेल असं बोलून गेलेली असते आणि तेव्हा त्याचा उतरलेला चेहरा तिने पाहिलेला असतो. अशा वेळी थांबवणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा दुखावणं, आणि आपणच सुरू केलेलं आपणच मोडणं. बाहेरच्या किमती फार वाढवल्या, दाराला कडी घातली, तर कथा गुन्ह्याची होते. तोही विषय मोठा आहे, पण तुमचा तो नाही.

हे कधी पेरायचं तेही महत्त्वाचं. किंमत किमान एक प्रसंग आधी दिसायला हवी. निघावंसं वाटतं त्याच ओळीत ‘पण गाडी त्याची होती’ आलं, की लेखकाचा हात दिसतो. चौथ्या प्रसंगात तो तिला सहज गाडीतून घ्यायला येतो आणि तिला ते आवडतं. सहाव्यात तीच गाडी अडचण होते. आवडलेली गोष्ट अडचण व्हायला हवी, नाहीतर आधी पेरून उपयोग नाही.

खलनायकाबद्दल एकच सांगते. सत्ता एका बाजूला ओतू नका. वय, पैसा, अनुभव, स्वतःचं घर त्याच्याकडे. तारुण्य, हवंहवंसं असणं, उत्तर न देता थांबू शकणं तिच्याकडे. क्रिस्टन रूपेनियनची ‘कॅट पर्सन’ ही इंग्रजी कथा डिसेंबर 2017 मध्ये ‘द न्यू यॉर्कर’ या अमेरिकन साप्ताहिकात आली आणि प्रचंड वाचली गेली. तिच्यात वीस वर्षांच्या मार्गोला रॉबर्टच्या नजरेतून स्वतःकडे बघण्यात सुख मिळतं. ही तिची ताकद आहे आणि तिथेच ती अडकतेही. त्याचं वय तिला शरीरसंबंधानंतर, विचारल्यावर कळतं: चौतीस. हा आकडा पहिल्या पानावर आला असता तर वाचकाने लगेच निकाल देऊन टाकला असता. तुमचा 35 पहिल्या परिच्छेदात असेल, तर खलनायक तिथेच तयार झाला आहे. मात्र ती सज्ञान आहे हे पहिल्या पानावर स्पष्ट असू द्या, तिथे संदिग्धता नको.

अर्धविराम:

वरच्याशी सहमत. मी फक्त भाषेबद्दल लिहितो, कारण या विषयाला लागणारी काही हत्यारं मराठीत आयती आहेत आणि भाषांतरित कथा वाचून लिहिताना ती हातातून सुटतात.

पहिलं हत्यार तू आणि तुम्ही. तेरा वर्षांचं अंतर असलेल्या माणसाला ती पहिल्या मेसेजमध्ये काय म्हणेल? बहुधा काहीच नाही. आपण सर्वनाम टाळतो: ‘जेवण झालं का?’, ‘कधी निघायचं?’ हे टाळणं पहिल्या तीन-चार मेसेजांत ठेवा. मग कधीतरी तो म्हणेल, ‘मला तू म्हण ना.’ वाक्य प्रेमळ आहे, पण परवानगी देणारा तो आहे. ती ‘तू’वर येताना एकदा अडखळू द्या, दोनदा नको. शेवटच्या भागात ती एकदाच ‘तुम्ही’वर परत गेली, तर दार बंद झाल्याचा आवाज वाचकाला ऐकू येईल. ‘अगं’, ‘बाळा’, ‘वेडे’ यांतलं एकच संबोधन त्याला द्या आणि त्याचा अर्थ प्रसंगागणिक बदलू द्या.

दुसरं, नकाराच्या पायऱ्या. ‘नाही’, ‘नको’, ‘आज नको’, ‘उशीर झालाय ना’, ‘बघू’. तुमची नायिका ‘नाही’ म्हणत नाही, पण गप्पही नसते. ती ‘आज नको’ म्हणते आणि त्याला ‘उद्या चालेल’ ऐकू येतं. ती ‘उशीर झालाय ना’ म्हणते आणि तो खरंच घड्याळ बघून ‘अजून बारा नाही वाजले’ म्हणतो. त्याचं उत्तर त्याच्या बाजूने सरळ आहे, तिचा नकारही तिच्या बाजूने सरळ आहे. असे दोन प्रसंग नीट लिहिले, तर ‘ती बोलली का नाही’ हा प्रश्न बराचसा विरतो, कारण ती बोललेली असते. दोनच पुरेत. पाच घातले तर तो मुद्दाम ऐकत नाही असं होईल आणि कथा वेगळी होईल.

तिसरं, मनातलं बोलणं. ‘तिला वाटलं की’ खर्ड्यात किती वेळा आलंय ते मोजा. चार हजार शब्दांत दहा-बारांच्या वर असेल तर छाटा. मनातला विचार सांगताना मराठीला काळ बदलावा लागत नाही, त्यामुळे ‘तिला वाटलं, तो चिडलाय’ यातला पहिला तुकडा काढला तरी ‘चिडलाय. नक्की चिडलाय.’ सरळ उभं राहतं. त्याहून उपयोगी रूप ‘-यचं’चं आहे. ‘आता उठायचं? कसं उठायचं? काय सांगायचं?’ यात ‘मी’ नाही, ‘ती’ नाही. निवेदकाचं आणि तिचं अंतर आपोआप मिटतं, आणि स्वतःबद्दल निर्णय घेताना ती स्वतःलाच वाक्यातून वगळतेय हेही दिसतं.

दृष्टिकोन तिच्यापुरताच ठेवा. त्याच्या मनात एकदाही शिरू नका. तो म्हणजे तिने बांधलेले अंदाज. त्यातला एक खरा निघू द्या, एक साफ खोटा, आणि एक शेवटपर्यंत कळू नये. खलनायकाचा प्रश्न यानेही निम्मा सुटतो.

दुसरा_मसुदा:

चॅट मेलेला वाटतो याचं कारण बहुतेक वेळा तो पूर्ण उतरवलेला असतो. तीन आठवड्यांचं चॅट कथेत तीन ठिकाणी यावं, प्रत्येक वेळी चार ते सहा मेसेज, बाकीचं निवेदनात: ‘पुढचे चार दिवस ते फक्त त्याच्या शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलत होते.’ दोघांचा एक खाजगी विनोद असावा. पहिल्या तुकड्यात जन्मलेला, दुसऱ्यात फुललेला, तिसऱ्यात एकटा तोच वापरतोय आणि ती ‘हाहा’ लिहून सुटतेय.

सत्ता मेसेजच्या मजकुरापेक्षा त्याच्या मापात असते. लांब कोण लिहितं, प्रश्न कोण विचारतं, शुभरात्री आधी कोण म्हणतं, पुढचा मेसेज किती वेळाने येतो. पहिल्या तुकड्यात तिचे तीन आणि त्याचा एक असं प्रमाण ठेवा, शेवटी ते उलटं करा. वेळ सगळीकडे लिहू नका. एकाच ठिकाणी लिहा, जिथे ती फोन उलटा ठेवून परत सरळ करते.

खऱ्या चॅटमध्ये मराठी बहुतेक रोमन लिपीत असते, पण कथेत देवनागरीच ठेवा, वाचायला अडखळत नाही. चॅटचा बाज तुटक ओळींतून येतो. पूर्णविराम काढून टाका, म्हणजे ज्या एका मेसेजला पूर्णविराम असेल तो (‘ठीक.’) अंगावर येईल. ॲपच्या खुणांचे रंग वगैरे नको. ते बदलतात आणि कथा जुनी दिसते. ‘त्याने वाचलं होतं’ एवढं पुरे.

शेवटाबद्दल माझं मत: शिवी काढा. शिवीवर संपवलं की आधीची सगळी संदिग्धता एका शब्दात निकालात निघते. ‘बघा, तो असाच होता’ म्हणून वाचक सुटतो.

समासातली_नोंद:

इथे मी असहमत आहे. ‘कॅट पर्सन’ त्याच्या मेसेजच्या माळेवर संपते आणि शेवटचा शब्द शिवीच आहे. तरी ती टिकते, कारण माळेला चढ आहे: आधी खुशाली, मग आठवण, मग चौकशी, मग संशय, मग उत्तराची मागणी. प्रत्येक मेसेज आधीच्यापेक्षा थोडाच पुढे जातो. मार्गोची प्रतिक्रिया नाही, निवेदकाचं एक वाक्य नाही. आणि नकाराचा मेसेजही मार्गोने लिहिलेला नसतो, मैत्रीण फोन ओढून घेऊन पाठवते. म्हणजे त्याला मिळालेला नकारही धड तिचा नाही. एवढी तयारी असेल तर शिवी चालते.

तुमच्या खर्ड्यासाठी परीक्षा अशी: शेवटचे दोन मेसेज झाकून वाचा. त्याआधीच पोटात खड्डा पडत असेल तर शिवी नको. वाचकाला त्याची फक्त दया येत असेल आणि तुम्हाला ती दया मोडायची असेल, तर ठेवा. मात्र तसा फणकारा आधी कुठेतरी, दुसऱ्याच कुणावर, वेटरवर किंवा सिनेमातल्या पात्रावर, एका ओळीत दिसलेला असू द्या.

कच्चा_खर्डा:

वय मी दुसऱ्याच ओळीत टाकलं होतं, ते हलवतो. सहावा प्रसंग, म्हणजे त्याच्या घरातला, अजून अडतोय. तपशील लिहिला तर चवचाल वाटतो, टाळला तर नेमकं काय झालं ते कळत नाही. शिवाय एक गोष्ट आधीच विचारून ठेवतो: यातले काही तपशील खऱ्या माणसांचे आहेत.

अर्धविराम:

त्या प्रसंगात उपमा एकही नको. सुंदर शब्द आला की लेखक तिथे उभा आहे असं वाटतं. छोट्या वस्तू लिहा: एकच मोजा निघालेला, पंख्याची टिकटिक, खांद्याखाली आलेला रिमोट जो ती बाजूला सारत नाही. लांबी 400 ते 500 शब्द. याहून कमी झालं तर सुटका करून घेतल्यासारखं दिसतं.

मग पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्याचा कर्ता अधोरेखित करा. सुरुवातीला ‘तिने दिवा मालवला’, ‘ती हसली’. मध्यावर ‘त्याने तिचा हात धरला’. पुढे ‘हात उशीवर होता’. कुणाचा, तेही नाही. ती कर्ता म्हणून वाक्यांतून निघून जाते आणि ‘तिला नको होतं’ लिहावं लागत नाही. मधेच एकदा ती परत कर्ता व्हावी, काहीतरी क्षुल्लक करताना: ‘तिने घड्याळ पाहिलं.’ एरवी हा बदल वाचकाला शैलीची लकब वाटू शकतो.

सातव्या प्रसंगात तिला हीच गोष्ट मैत्रिणीला सांगू द्या, गमतीदार करून, तीन वाक्यांत. रिमोटचा उल्लेख त्यात हवा, घड्याळाचा नको.

दुसरा_मसुदा:

खऱ्या तपशिलांबद्दल कडक राहा. 2021 मध्ये एका स्त्रीने ‘स्लेट’ या ऑनलाइन मासिकात लेख लिहून ‘कॅट पर्सन’मधले तपशील आपल्या आणि आपल्या माजी प्रियकराच्या आयुष्यातले असल्याचं मांडलं. रूपेनियनने समाजमाध्यमांवरून काही तपशील घेतल्याचं मान्य केलं, आणि ते, विशेषतः गावाचं नाव, बदलायला हवे होते असंही. नावं बदलणं पुरत नाही. माणूस ओळखला जातो तो गाव, नोकरीची जागा, ओळख कशी झाली आणि एखादी खास सवय यांच्या जोडीवरून. चारही बदला. भावनिक रचना तुमची आहे, ती ठेवा.

हे काम आता, खर्ड्यातच करा. गाव बदललं की अंतरं बदलतात, नोकरी बदलली की सुटीचा दिवस बदलतो. ॲपऐवजी ओळख एखाद्या वर्गात झाली, तर तुमचे पहिले तीन आठवडे चॅटमधून बाहेर येतील. मग सामाईक मैत्रीण त्याच वर्गातली करता येईल. वरच्या यादीतली लोकांमधली किंमत त्यामुळे पहिल्याच प्रसंगात बसते, वेगळी पेरावी लागत नाही.