बकुळ नऊ वर्षांची झाली, तरी एक फूल नाही. काय चुकतंय?

नमस्कार मंडळी, बकुळीबद्दल मदत हवी आहे.

माझं माहेर वेंगुर्ल्याजवळ. खळ्यासमोर मोठी बकुळ होती, आम्ही तिला ओवळी म्हणायचो. पहाटे सडा वेचून केळीच्या सोपटात वळेसर, म्हणजे गजरे, ओवायचे. फळंही खायचो. पिकून नारिंगी झालं की पिठूळ गर टाळूला चिकटतो, आणि गोड लागता लागता घसा आवळतो. ही फळं खातात हे इथे पुण्यात सांगितलं तर लोकांना खरंच वाटत नाही.

९ वर्षांपूर्वी तिथल्याच ताज्या बिया धुऊन पिशव्यांत लावल्या. ६ पैकी ४ रुजल्या. त्यातलं एक रोप सोसायटीच्या कुंपणाशी लावलं. खाली सगळा मुरूम. पहिली ३ वर्षं पाणी घातलं, नंतर तेही नाही. बोअर आटला त्या उन्हाळ्यात लॉन जळून गेलं, हिचं पानसुद्धा मलूल झालं नाही.

आता ८ फूट उंच आहे. पानं तुकतुकीत, पण फूल नाही. सोसायटीचा माळी दर दोन महिन्यांनी कात्रीने तिला चेंडूसारखी गोल करतो. लॉनचा युरिया बुंध्यापर्यंत येतो. ऊन दुपारी दोनपर्यंत मिळतं.

पुढच्या महिन्यात बैठक आहे, 'ना फूल ना फळ' म्हणून ती काढायचं चाललंय. मला ती वाचवायची आहे. खत बदलू का? की दुसरीकडे हलवू?

प्रतिसाद (चिपळूणहून)

ताई, हलवू नका. एवढं मुरलेलं झाड उपटलं तर मुळं तुटतील. आधी कात्री थांबवा. बकुळीला फूल पानाच्या बेचक्यात येतं, आणि माळी नेमकी तीच डहाळी उडवतोय. युरियाही बंद, त्याने नुसती पालवी फुटते. पावसाच्या तोंडावर दोन घमेली कुजलेलं शेणखत पुरे. बियाचं झाड आहे, चिकूच्याच कुळातलं, आधीच सावकाश वाढणारं. २ वर्षं हात लावू नका.

आजच एक काम करा. कात्री न लागलेली फांदी शोधा आणि बेचक्यांत बघा. कळी हिरवी नसते, तपकिरी मखमली असते, पटकन दिसत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. कुंपणापलीकडे झुकलेली एक फांदी कात्रीतून सुटली होती. स्टूल घेऊन पाहिलं. शेंड्याकडच्या तीन बेचक्यांत ज्वारीच्या दाण्याएवढ्या तपकिरी कळ्या आहेत, बोटाला मऊ लागतात. फोटो काढलाय, बैठकीत तोच दाखवणार. माळीदादांशीही आज संध्याकाळी बोलते.