सुरत पाहिलेल्या मुंबईकरांनो, काय पाहिलंत?

आपल्याकडे सुरतेचं नाव निघतं ते साड्यांच्या खरेदीला, नाहीतर इतिहासाच्या तासाला. पण मुंबईच्या आधी पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर तेच, तापीकाठचं. १६६८ साली मुंबई इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने मिळाली, तरी पुढची कितीतरी वर्षं इथला कारभार सुरतेच्या वखारीतून चालायचा. डिसेंबरात आईबाबांना घेऊन जायचा बेत आहे. जुन्या बंदराच्या काय खुणा दिसतात? जाऊन आलेल्यांनी जरूर लिहा.

गिरगावातून
मी खास कतारगाम दरवाजाजवळचं इंग्रजांचं कबरस्तान बघायला गेलो होतो. जॉर्ज ऑक्झेंडन, म्हणजे कंपनीचा मुंबईचा पहिला गव्हर्नर, १६६९ मध्ये सुरतेतच वारला. त्याची आणि त्याच्या भावाची कबर दुमजली आहे, वर घुमट. लांबून एखाद्या नवाबाचा मकबरा वाटतो, क्रूस शोधावा लागतो. भिंतीला हात टेकला तर चुन्याची पांढरी भुकटी बोटांना लागली. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेत शिरले तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि हाच ऑक्झेंडन वखारीचे दरवाजे लावून आत ठाण मांडून राहिला. शाळेत लूट पाठ केली होती, पण पलीकडच्या बाजूला कोण उभं होतं ते मला तिथे कळलं. बराच वेळ पायरीवर बसून होतो.

जवळच डचांचं कबरस्तान आहे, तेही सोडू नका. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंड तयार करवणारा व्हान ऱ्हीड तिथे आहे. १६९१ मध्ये सुरतेला येताना मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावरच तो वारला.

भायखळ्यातून
बाबांची सगळी नोकरी गोदीत गेली, त्यामुळे मला सुरत म्हणजे आधी वाडिया आठवतात. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे जहाजबांधणीतले कारागीर. १७३६ साली कंपनीने त्यांना मुंबईला आणलं. त्यांच्या घराण्याने इथे सागवानी जहाजं बांधली, त्यातलं १८१७ चं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडात पाण्यावर उभं आहे. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग सुरतेला जायलाच हवं." गेलो. पण बंदर म्हणून दाखवण्यासारखं शहरात फार उरलेलं नाही, हे आधीच सांगते. तापी गाळाने भरत गेली. मोठी गलबतं तेव्हाही खाली सुवाळीलाच नांगर टाकायची आणि माल लहान होड्यांतून शहरात यायचा. बाबा किल्ल्यापाशी नदीकडे तोंड करून उभे राहिले आणि पाणी किती खोल असेल याचाच अंदाज करत राहिले.

कुर्ल्यातून
मी मूळचा भुसावळचा, त्यामुळे तापी ही आमचीच नदी. लिंबायतला मावशीकडे गेलं की गल्लीभर अहिराणी ऐकू येते, कारण लूमवर काम करायला खानदेशातून माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिकडे गेली. २००६ च्या ऑगस्टमधल्या पुरात माझा आतेभाऊ नदीकाठच्या सोसायटीत अडकला होता. तळमजला पूर्ण पाण्यात. दोन दिवस फोन नाही. आत्या देवापुढून उठत नव्हती. आता नदीकाठी गेलो की तो आधी भिंतींकडे बघतो, मग पाण्याकडे.

बोरिवलीहून
आईबाबा असतील तर सकाळी लवकर किल्ला करा, उन्हाच्या आत. मोगलसराय १६४४ ची, हजला जाणारे यात्रेकरू तिथे उतरत. आता महापालिकेची कचेरी आहे, म्हणून कामाच्या दिवशी जा. दुपारी लोचो खा, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचा वाफवलेला मऊ पदार्थ, गरमच, वरून तेल आणि शेव. डिसेंबरात पोंक नक्की मिळेल. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच, पण दाणा कोवळा आणि हिरवागार, सोबत लिंबू-मरीची शेव. तिथले लोक म्हणतात, 'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण', म्हणजे जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत. संध्याकाळी पूल ओलांडून रांदेरला जा. ते सुरतेहूनही जुनं बंदर. तिथल्या व्यापाऱ्यांची रंगूनला ये-जा असायची, म्हणून खावसा हा मूळचा ब्रह्मदेशी नूडल्सचा पदार्थ तिथे घरचाच झालाय.