मदत हवी आहे: गोल्फचे ओतीव (कास्ट) आयर्न क्लब सोडून घडीव (फोर्ज्ड) घ्यायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

यवतेश्वर_घाट

नमस्कार मंडळी. मुक्काम सातारा. महिन्यातून दोनदा पुण्याला जाऊन अठरा होल, बाकी सराव घरामागच्या जाळीत, मॅटवरून. हँडिकॅप (खेळाच्या पातळीचा आकडा, कमी तितका चांगला) १६.

सध्याचा संच १७-४ नावाच्या स्टेनलेसचा, कास्ट, रुंद सोलचा (सोल म्हणजे क्लबचा तळ). लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडू लागतो त्या पृष्ठभागाचा, मागे झुकलेला कोन): ५ नंबर २३.५, ६ नंबर २६.५, ७ नंबर ३०, ८ नंबर ३४.५, ९ नंबर ३९.५, पिचिंग वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब) ४४.५ अंश. त्यापुढे ५२ आणि ५६ च्या वेज. शाफ्ट (दांडे) हलक्या स्टीलचे, रेग्युलर लवचिकतेचे. ७ नंबरचा कॅरी (चेंडू हवेतून जातो ते अंतर) १४० यार्ड.

एक वापरलेला फोर्ज्ड संच मिळतोय, ५ ते पिचिंग वेज, मागे छोटी कॅव्हिटी (खोलगा). लॉफ्ट २७, ३०, ३४, ३८, ४२, ४६. शाफ्ट स्टिफ, १३० ग्रॅमचे. हँडिकॅप कितीवर आला की फोर्ज्ड घ्यावं? चेंडू खरंच मऊ लागतो का? आपल्याकडच्या पावसात गंजतं का? आणि वापरलेलं घेताना काय तपासू?

कुपवाडचा_हातोडा

हँडिकॅपचा आकडा विसरा. घडीव आणि ओतीव हा फक्त धातूला आकार कसा दिला याचा फरक आहे. घडाईत साध्या मऊ कार्बन स्टीलची (१०२० किंवा १०२५, म्हणजे कार्बन पाव टक्क्याच्या आसपास) तापवलेली कांडी डायमध्ये (साच्यात) ठोकतात, कडेला आलेला फ्लॅश (जादा धातू) कापतात, मग घासकाम आणि वर क्रोम. ओतकामात आधी मेणाचं हेड (क्लबचं डोकं) करतात, त्यावर सिरॅमिकचं कवच चढवतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत स्टील ओततात. डायमधून सुटणार नाहीत असे आतले खोलगे यात सहज निघतात, म्हणून वजन कडेला नेता येतं आणि चेंडू जरा बाजूला लागला तरी हेड कमी वळतं. पिंग कंपनीचं गाजलेलं आय २ आयर्न ओतीवच होतं. किर्लोस्करवाडीच्या जिल्ह्यात राहून ओतकामाला कुणी दुय्यम म्हणू नये!

आणि 'फोर्ज्ड' छापलं म्हणजे सगळं एकसारखं असंही नाही. टेलरमेडचं पी ७९० आतून पोकळ, तर एका कांडीतून घडवलेलं ब्लेड (मागे खोलगा नसलेलं पातळ आयर्न) सबंध भरीव. मारताना दोघांचा स्वभाव पार वेगळा.

मऊपणाचं म्हणाल तर बराचसा कानाचा खेळ आहे. कानात बोळे घालून दोन्ही मारून बघा. चेंडूचा ब्रँड बदलला तरी याहून जास्त फरक जाणवेल.

फोर्ज्डचा खरा फायदा होझलमध्ये (हेडाची नळी, जिच्यात शाफ्ट बसतो) आहे. मऊ स्टील दोन अंश सहज वाकतं, म्हणून लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन) आणि लॉफ्ट तुमच्या मापाला बसवता येतात. १७-४ कडक असतं. एखाद्या अंशापलीकडे नेलं तर परत उसळतं नाहीतर मोडतं.

कृष्णाकाठ

वरच्याशी सहमत. पण आधी तुमचा फटका कुठे लागतो ते मोजा, आणि जाळीत मोजू नका. मॅटवर क्लब चेंडूच्या आधी टेकला तरी घसरून पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. अरुंद सोलचं फोर्ज्ड गवतावर तोच फटका मातीत रुतवेल. त्यामुळे पुण्याला गेलात की प्रॅक्टिसच्या गवतावर ७ नंबरने हे करा:

१. चेंडूच्या मागे १० सेंटिमीटरवर घडी केलेला नॅपकिन ठेवून २० चेंडू मारा. नॅपकिन पाचपेक्षा जास्त वेळा उडाला तर संच बदलायचा विचार सहा महिने पुढे ढकला.

२. फेसवर व्हाइटबोर्ड मार्कर फासा. चेंडू लागेल तिथली शाई निघते. दर फटक्यानंतर फोटो काढा, पुसा, पुन्हा फासा. २० पैकी किमान १२ खुणांचे मध्यबिंदू दहा रुपयांच्या नाण्यात (२७ मिमी) बसले पाहिजेत. हा आकडा नियमातला नाही, माझा अंदाज आहे. पण त्याखाली असाल तर रुंद सोलचं ओतीव हेडच तुमचे स्ट्रोक वाचवतंय.

३. चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ ओढा, ती फेसच्या बाजूला उभी ठेवून पाच-सहा फटके मारा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. खाचा आडव्या धरून बघा: रेघेचं वरचं टोक टोच्या (हेडाच्या शेंड्याच्या) बाजूला कललं असेल तर लाय फार उभी आहे, हीलकडे (शाफ्टच्या बाजूला) कललं असेल तर फार सपाट.

कुपवाडचा_हातोडा

शाफ्टबद्दल एक राहिलं. १४० यार्ड कॅरीला १३० ग्रॅमचा स्टिफ शाफ्ट जड पडेल, चौदाव्या होलनंतर तर नक्कीच. आणि जुने शाफ्ट काढून नव्या हेडात बसवू म्हणाल तर थांबा. बऱ्याच फोर्ज्ड हेडांत ०.३५५ इंचाचा निमुळता टिप (शाफ्टचं खालचं टोक) लागतो, तर तुमच्यासारख्या कास्ट संचांत बहुधा ०.३७० चा सरळ. जाड टिप बारीक भोकात जाणार नाही, आणि होझल मोठं करायच्या फंदात पडू नका.

वापरलेलं तपासताना लोहचुंबक लावा म्हणणारे भेटतील. त्याचा उपयोग नाही, १७-४ सुद्धा चुंबकाला चिकटतं. बघायचं ते असं: फेसच्या मधोमध क्रोम झिजून खालचा थर दिसतोय का, खाचांच्या कडा नखाला लागतात का, फेरूलच्या (शाफ्ट आणि होझलच्या जोडावरच्या कड्याच्या) खाली होझलवर केसासारखी चीर आहे का, आणि एकेका क्लबचा लॉफ्ट आज मोजला तर किती येतो. मऊ हेड मॅटवर वर्षानुवर्षं मारलं की लॉफ्ट सरकतो. बॅगेत आपटून पडलेले पोचे मात्र दिसायलाच वाईट, खेळायला काही नाही.

गंजाचं भय क्रोम नसलेल्या, कच्च्या फिनिशला. क्रोम शाबूत असेल तर पावसात खेळून काही होत नाही, ओली बॅग डिकीत दोन दिवस बंद ठेवल्याने होतं. पुसा, वाळवा, पोपडा निघालेल्या जागी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फिरवा.

यवतेश्वर_घाट

धन्यवाद. गवतावर केलं. नॅपकिन ३ वेळा उडाला. नाण्यात १४. रेघ मात्र सगळ्या ठशांत हीलकडे कललेली, फोटोवर कोनमापक ठेवून साधारण २ अंश. चेंडूही बहुतेक उजवीकडेच सुरू होतात. मी उजव्या हाताचा.

कृष्णाकाठ

मग फोर्ज्ड घ्यायला तुमच्याकडे खरं कारण आहे. लाय सपाट आहे, टो आधी जमिनीत जातो, चेंडू उजवीकडे निघतो. दोन अंश उभी करायचीय, आणि तुमच्या १७-४ हेडात तेवढं निभणार नाही.

पण पूर्ण संच घेऊन जुना विकू नका. नवा ६ नंबर ३० अंशांचा, म्हणजे तुमचा जुना ७ नंबरच. जुने ५ आणि ६ ठेवा (२३.५, २६.५), पुढे फोर्ज्ड ६ ते पिचिंग वेज (३०, ३४, ३८, ४२, ४६). लांबचे दोन क्लब चुका सांभाळणारे राहतात. शिवाय वेजकडे आज ४४.५ ते ५२ असं साडेसात अंशांचं खिंडार आहे, ते सहावर येतं. फोर्ज्डचा ५ नंबर २७ अंशांचा, जुन्या ६ च्या अंगावरच येतो, तो घरी ठेवा. बॅगेत चौदाच्या वर क्लब होत नाहीत ना, तेवढं मोजा.

यवतेश्वर_घाट

ड्रायव्हर, ३ वूड, हायब्रिड, दोन जुने, पाच नवे, दोन वेज, पटर. तेरा.

कुपवाडचा_हातोडा

बसतंय. विकणाऱ्याला किंमत विचारताना पाच रेग्युलर शाफ्टचा आणि बसवणावळीचा खर्च वजा करून बोला, जुन्या ५ आणि ६ च्या शाफ्टच्या वजनाजवळचेच घ्या. आधी शाफ्ट बदलून घ्या, मग लाय वाकवा. वजन बदललं की रेघही हलते, म्हणून नव्या शाफ्टवर रेघेची चाचणी पुन्हा करा. लाय वाकवताना लॉफ्टही थोडा सरकतो, तेव्हा कारागिराकडून दोन्ही आकडे क्लबवार लिहून घ्या. आणि लॉफ्ट एक अंश कमी केला तर बाऊन्सही (सोलचा जमिनीशी कोन, जो क्लब रुतू देत नाही) एक अंशाने घटतो. पावसाळी ओल्या जमिनीत तो घटलेला नकोच.