मदत हवी आहे: आयव्ही लीगमधील बास्केटबॉल निवडीबाबत

न्यू जर्सीत अकरावीत शिकणारा माझा पुतण्या शाळेच्या संघात पॉइंट गार्ड आहे. आयव्ही लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतील आठ नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटातल्या, एका प्रशिक्षकांनी त्याच्याकडे सामन्यांच्या व्हिडिओंआधी गुणपत्रक मागितले, आणि मला तरी ते रास्तच वाटले. या विद्यापीठांत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, कुटुंबाच्या उत्पन्नानुसार आर्थिक मदत मिळते. विद्यापीठांनी खेळाडूंना थेट मोबदला देण्याच्या अमेरिकी महाविद्यालयीन खेळांतील २०२५ च्या व्यवस्थेतूनही ही लीग बाहेर राहिली. तरीही २०२३ मध्ये याच लीगमधल्या प्रिन्स्टनने ॲरिझोना आणि मिझूरीला हरवून राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या शेवटच्या सोळांत धडक मारली होती. प्रशिक्षकांचा शब्द म्हणजे प्रवेश नव्हे. तेव्हा प्रवेश कार्यालयाचे ‘लाइकली लेटर’ (अधिकृत निकालाआधी प्रवेश मिळण्याची दाट शक्यता कळवणारे पत्र) हाती पडेपर्यंत, पूर्ण शिष्यवृत्ती देऊ करणाऱ्या इतर विद्यापीठांना काय उत्तर द्यावे, हे या प्रक्रियेतून गेलेल्या पालकांनी कृपया सांगावे.