श्रावणाआधीचा रविवार, वर्सोव्यात सीफूड ब्रंच – काय मागवावं?

स्नेहा_मुलुंड:
येत्या रविवारी आम्ही घरातले पाच जण वर्सोव्याला मासे खायला जायचं म्हणतोय. श्रावण लागायच्या आधीचा हा शेवटचा रविवार आणि सासूबाई श्रावण कडक पाळतात, म्हणून त्याआधी त्यांना एकदा मनसोक्त खाऊ घालायचंय. नणंदेने एक रेस्टॉरंट सुचवलंय, तिथे अकरापासून ब्रंच असतो, बुफे पण आहे आणि मेन्यूवरून पण मागवता येतं. पण तो भाग आमच्यातल्या कुणालाच माहीत नाही. मुलुंडहून कसं जायचं, बुफे घ्यावा का, आणि मुख्य म्हणजे जुलैमध्ये मासेमारी बंद असताना ताजं नक्की काय मिळतं? सासूबाईंना तिखट सोसत नाही पण मासा शिळा असेल तर पहिल्या घासाला ओळखतात.

घाटकोपरवाला:
लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो पकडून सरळ शेवटचं स्टेशन वर्सोवा. फक्त स्टेशनचं नाव वर्सोवा असलं तरी गाव तिथून बरंच पुढे आहे, रिक्षा करा, सासूबाईंना पावसात चालवू नका. मेगाब्लॉक आहे का ते शनिवारीच बघून ठेवा. आणि टेबल बुक कराच, गटारीच्या आधीचा रविवार म्हणजे सगळी मुंबई मासे खायला बाहेर पडते.

वेसावकर:
स्नेहाताई, नक्की या आमच्या गावात. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत, मासळीच्या विणीचा काळ असतो, आणि ही बंदी पाळलीच पाहिजे. त्यामुळे आत्ता ताटात मोठी सुरमई किंवा पापलेट आलं तर ते बर्फातलं नाहीतर बाहेरून आलेलं. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे तिकडच्या बोटी आता सुरू झाल्यात, तो माल इकडे येतो. वाईट नसतो, पण ताज्याचा भाव देऊ नका. मेन्यूवर भावाच्या जागी ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असेल तर वजन आणि भाव ऑर्डर द्यायच्या आधी विचारा, बिल आल्यावर नाही.

ताजं पाहिजे तर खाडीतलं विचारा. बोय, जिताडा, खाडीची कोळंबी, आणि चिंबोऱ्या म्हणजे खेकडे! अमावस्येच्या आसपास चिंबोरी भरलेली असते आणि पुनवेला पोकळ, असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात, आणि गटारी म्हणजे अमावस्याच. जिवंत दाखवायला सांगा, उचलून बघा, आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. पोटावरची पट्टी निमुळती असेल तर नर, रुंद गोल असेल तर मादी. पोटाला अंडी चिकटलेली मादी मात्र कृपा करून घेऊ नका.

सोडे_खिचडी:
बुफे नको असं माझं स्पष्ट मत. तळलेला मासा झाकणाखाली वाफेत मऊ पडतो, बोंबील तर तव्यावरून थेट ताटात आला तरच खावा. पावसाळ्यात आपली माणसं खरं तर सुकंच खात आलीत, मे महिन्यात वाळवून भरून ठेवलेलं. सोड्याची (सोललेल्या सुक्या कोळंबीची) खिचडी, सुके बोंबील-बटाटा, जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी हे मिळतंय का विचारा. ब्रंचच्या वेळेला याहून चांगलं काय असणार, पोटाला जड नाही आणि चव घरची. खिचडी तिखट नसते, सासूबाईंना तीच द्या, वर ओलं खोबरं आणि साजूक तूप. कोळी रस्सा चांगला झणझणीत असतो, तो वेगळ्या वाटीत मागवा. सोबत सोलकढी, पण नारळाच्या दुधातली आहे ना ते विचारून.

स्नेहा_मुलुंड:
सगळ्यांचे मनापासून आभार! आत्ताच फोन केला. सोड्याची खिचडी कार्डावर नाहीये पण आदल्या दिवशी सांगितलं तर करून देतात, तीन प्लेट सांगितल्या. चिंबोऱ्या सकाळी किती येतील त्यावर आहे म्हणाले, म्हणून साडेअकराचं टेबल घेतलंय. बुफे रद्द. वेसावकर दादा, जिताडा सासूबाईंसाठी तळलेला बरा की कालवणातला? काटे फार असतात का?

वेसावकर:
मोठा काटा असतो, बोयपेक्षा खायला सोपा. तळलेला घ्या, मधल्या तुकड्या मागा, आणि मसाला कमी लावायला आधीच सांगा.