मे महिन्यातल्या लग्नात नवरीचा मेकअप रात्रीपर्यंत कसा टिकवावा?

धाकटी_करवली
माझ्या ताईचे लग्न मे महिन्यात रत्नागिरीला आहे. मुहूर्त दुपारी 12 वाजून 20 मिनिटांचा असल्याने मेकअप सकाळी 7 वाजता सुरू होईल आणि संध्याकाळी 7 ते 10 त्याच कार्यालयात स्वागत समारंभ आहे. कार्यालय वातानुकूलित नाही. ताईचे कपाळ व नाक तेलकट, तर गाल कोरडे आहेत. साखरपुड्याच्या दिवशी दुपारपर्यंत नाकाच्या कडेने फाउंडेशन फुटले, काजळ खाली उतरले, आणि आम्ही जसजशी वरून पावडर लावत गेलो तसतसा चेहरा अधिकच थापलेला दिसू लागला. आमचे नेमके काय चुकले?

रंगपेटी
चूक पावडरीतच झाली. ओल्या किंवा तेलकट त्वचेवर पावडर पडली की तिचा लगदा होतो. घाम आला की प्रथम टिपकागद न घासता नुसता दाबून उचलावा, आणि मगच कपाळ, नाक व हनुवटी एवढ्याच भागांवर अगदी थोडी पावडर लावावी. कोरड्या गालांना तिची गरज नाही.

सकाळी मॉइश्चरायझर लावल्यानंतर ते मुरण्यासाठी दहा मिनिटे द्यावीत. तेल आवरणारा प्रायमर, म्हणजे फाउंडेशनच्या आधी लावायचा थर, फक्त तेलकट भागावर पुरे. फाउंडेशन ओलसर स्पंजाने दाबत, पातळ थरात बसवावे आणि नाकाच्या कडांना स्पंजावर उरलेलेच टेकवावे, कारण जाड थर सर्वांत आधी तिथेच फुटतो. प्रायमर सिलिकॉनचा आणि फाउंडेशन पाण्याचे असेल तर कधी कधी त्याच्या बारीक वळकट्या निघतात, म्हणून जोडी आधी हातावर लावून पाहावी.

विहीणबाई
वरील सल्ला योग्यच आहे; मात्र लग्नातला चेहरा विधींमधून जातो, हेही ध्यानात घ्यावे. मुंडावळ्यांचे सर कानशिलांवर सतत घासतात, म्हणून तिथे थर नावापुरताच ठेवावा. होमाच्या धुराने डोळ्यांत पाणी येतेच; त्यामुळे काजळ पापणीच्या आतल्या ओल्या कडेला न भरता, पाण्याने न पसरणारे जेल आयलायनर वरच्या पापणीच्या मुळाशी रेखावे. पाठवणीच्या वेळी डोळे पुसायचे नाहीत, खालच्या पापणीशी रुमालाचे टोक टेकवून पाणी टिपायचे, हे करवलीने नवरीला आधीच बजावून ठेवावे.

मेकअप बसवण्याचा स्प्रे होमाजवळ कोणीही मारू नये, कारण अशा अनेक स्प्रेंमध्ये अल्कोहोल असते आणि ते पेट घेते. केसांच्या स्प्रेलाही हेच लागू आहे. पंगतीत मात्र लिपस्टिक टिकेल अशी आशा सोडावी. ओठांना जिलबीचे तूप आणि भज्यांचे तेल लागले की न पुसणारी म्हणून घेतलेली लिपस्टिकही सुटते. जेवणानंतर ओठ कोरडे करून ती नव्याने लावणेच शहाणपणाचे.

शंकेखोर
सकाळचा मेकअप रात्री 10 वाजेपर्यंत टिकवण्याचा हट्ट कशासाठी, हे मला समजत नाही. स्वागत समारंभासाठी साडी आणि केशरचना बदलणारच असतील, तर 4 वाजता चेहरा स्वच्छ धुऊन, तासभर मोकळा ठेवून, नव्याने मेकअप करावा. दुसऱ्या बैठकीचे पैसे आधीच ठरवून घ्यावेत. आणखी एक काळजी घ्यावी: झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन किंवा पांढरी सिलिका पावडर फ्लॅशच्या उजेडात चेहऱ्यावर पांढुरके डाग दाखवू शकते. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा फ्लॅश लावून एक छायाचित्र काढले की लगेच कळते. नवे फेशियल तर आदल्या दिवशी मुळीच करू नये.

धाकटी_करवली
सर्वांचे आभार. दुसऱ्या बैठकीला ताईने लगेच होकार दिला. येत्या रविवारी निम्म्या चेहऱ्यावर जुनी पद्धत आणि निम्म्यावर रंगपेटी यांनी सांगितलेली पद्धत करून पाहणार आहोत, आणि त्यानंतर ताई पंखा बंद ठेवून वीस पोळ्या लाटणार आहे.