कव्हर लेटरमध्ये 'पॅरललिझम' आणि 'फ्रॅगमेंट'ची चूक म्हणजे नेमकं काय?

महालचा_दादा:
लहान बहीण नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीसाठी इंग्रजीत कव्हर लेटर लिहून राहिली आहे. क्लासच्या मॅडमनी दोन ठिकाणी 'पॅरललिझम' आणि 'फ्रॅगमेंट' एवढंच लिहून परत दिलं. वाक्यं अशी आहेत: "माय ड्यूटीज वेअर चेकिंग बिल्स, टू मेक एंट्रीज अँड कस्टमर फॉलोअप." आणि "आय नो टॅली वेल. बिकॉज आय वर्क्ड इन अ ट्रान्सपोर्ट ऑफिस." मले तर अर्थ बरोबर समजून राहिला, मग चुकलं कुठं?

धंतोली_इंग्लिश:
दादा, पहिल्या वाक्यात तीन कामं आहेत आणि तिघांची रूपं तीन, एक 'इंग'वालं, एक 'टू'वालं, एक नुसतं नाम, त्यामुळे वाचणारा अडखळतो; यादीतली रूपं एकसारखी ठेवणं म्हणजेच पॅरललिझम. "चेकिंग बिल्स, मेकिंग एंट्रीज अँड कॉलिंग कस्टमर्स" करा, झालं.
'बिकॉज' लागलं की ते वाक्य एकटं उभं राहत नाही, अशा अर्धवट वाक्यालाच फ्रॅगमेंट म्हणतात, त्याला आधीच्या वाक्याला जोडायचं. आपण मराठीत "टॅली येतं. कारण ट्रान्सपोर्टमध्ये होतो." असं बिनधास्त बोलतो, कर्ताही गाळतो, 'होतो' म्हटलं की 'मी' कळतोच. इंग्रजीत नुसत्या 'वर्क्ड'वरून कोण ते कळत नाही, म्हणून 'आय' सोडता येत नाही.

प्रतापनगर_रीडर:
म्हणजे वाक्य लांब केलं की पूर्ण झालं का?

धंतोली_इंग्लिश:
नाही हो, लांबीचा संबंधच नाही. "आय रिझाइन्ड." दोन शब्दांचं, तरी पूर्ण. आणि उलट टोकाला आपल्या संविधानाची इंग्रजी उद्देशिका पाहा, ती अख्खी एकच वाक्य आहे! सुरुवातीला कर्ता 'वी, द पीपल ऑफ इंडिया', आणि त्याचं मुख्य क्रियापद येतं थेट शेवटी, 26 नोव्हेंबर 1949 ही तारीख येऊन गेल्यावर, 'डू हिअरबाय अडॉप्ट, इनॅक्ट अँड गिव्ह टू अवरसेल्व्ज'. मधे एवढा मजकूर असूनही तोल जात नाही कारण 'टू कॉन्स्टिट्यूट', 'टू सिक्युअर', 'टू प्रमोट' सगळे एकाच साच्यातले, आणि शेवटची तिन्ही क्रियापदंही तशीच. बहिणीला ती हातानं लिहून काढायला सांगा आणि कर्ता-क्रियापदाखाली रेघ मारायला लावा, मला यापेक्षा चांगला धडा माहीत नाही.

महालचा_दादा:
आता डोक्यात शिरलं, थँक्यू. पण रेझ्युमेत तर सगळे 'आय' न लावताच लिहितात, ते कसं चालते?

प्रतापनगर_रीडर:
रेझ्युमेच्या पॉइंट्समध्ये चालतं दादा, तिथे तशीच पद्धत आहे. फक्त 'चेक्ड', 'प्रिपेअर्ड', 'हँडल्ड' असं सगळ्यांची सुरुवात एकसारखी ठेवा, आणि लेटरमध्ये मात्र पूर्ण वाक्यंच.